अवर्षणी मुलुखांतील माजी आमदार व त्यांचीं चरित्रें

आमच्या तालुक्याच्या गांवीं एस. टी. स्थानकासमोर एक अर्धपुतळा आहे. त्याखालील शिळेवर नांव, जन्मतिथि, मृत्युतिथि व 'माजी आमदार' हे दोन शब्द, एवढेंच कोरलेलें आहे. परवां शेजारच्या एका शाळकरी मुलानें मला विचारलें, "काका, यांनीं काय केलें?" मीं महसूल खात्यांत तीस वर्षांवर कारकुनी केली. या तालुक्यांतील कोणत्या गटांत पोटखराबा किती, हें मला झोपेंतून उठवून विचारलें तरी सांगतां येईल; परंतु त्या मुलाच्या प्रश्नास धड एका वाक्याचें उत्तर मला देतां आलें नाहीं. "मोठे मनुष्य होते," असें कांहींसें पुटपुटून मीं वेळ मारून नेली, आणि घरीं आल्यावर मला माझीच लाज वाटली.

हा दोष माझा एकट्याचा नाहीं. गुंठाभर जमिनीचा फेरफार आपण पिढ्यान् पिढ्या जपून ठेवतों. बांध कोरला गेला कीं मोजणी आणतों, अपील करतों, निकाल विरुद्ध गेला तर वरच्या पायरीवर जातों. परंतु त्या जमिनीस कूळकायदा कसा लागावा, तुकडेबंदी कोणत्या क्षेत्राखालीं असावी, सारा केव्हां तहकूब व्हावा, हें ज्या सभागृहांत ठरतें तेथें आपल्या तर्फेंनें कोण बसलें होतें आणि त्यानें तेथें तोंड उघडलें कीं नाहीं, याची नोंद आपल्या गांवच्या कोणत्याही दप्तरांत नाहीं. निवडणुकीचे आंकडे मिळतात. कोणत्या सालीं कोणास किती मतें पडलीं हें पारावरचा म्हाताराही सांगतो. त्यापुढची पांच वर्षें मात्र कोरी असतात.

कोणी म्हणेल, चरित्रें तर निघतात. होय, निघतात. अमृतमहोत्सव आला कीं गौरवांक निघतो. त्यांत अर्धीं पानें जाहिरातींचीं, उरलेल्या अर्ध्यांत आमदारसाहेब हार घालून घेतांना, हार घालतांना व फीत कापतांना. लेख लिहिणारे बहुधा त्यांच्याच संस्थांतले प्राध्यापक, आणि त्या सर्व लेखांचें तात्पर्य एकच, कीं साहेब देवमाणूस आहेत. असले चार-पांच अंक मीं सेवानिवृत्तीनंतर तालुका वाचनालयांत बसून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले. एकाही अंकांत साहेबांनीं सभागृहांत विचारलेला एकही प्रश्न छापलेला नव्हता.

माझें म्हणणें असें कीं, आमदाराचें चरित्र त्याच्या वाड्यांत नव्हे, तर त्याच्या मतदाराच्या दारीं व तहसील कचेरीच्या टेबलावर शोधावें. त्यानें घातलेलें किंवा घालण्यास हातभार लावलेलें कोणतें कलम एखाद्या फाटक्या माणसास सरकारी माणसापुढें ठेवतां आलें? त्याच्या हयातींत तालुक्याच्या पाण्याची, मजुरीची, शाळेची स्थिति काय होती व पुढें काय झाली? तो पडला तेव्हां त्यानें काय केलें? एवढ्या तीन प्रश्नांचीं उत्तरें ज्यांत आहेत तें चरित्र. बाकीची वंशावळ आहे, व ती भाट पूर्वीं फुकट सांगत असत.

पूर्वीच्या काळीं आमदार व मजूर यांचा संबंधच येत नसे. १९१९ च्या सुधारणांनंतर मुंबई कौन्सिलास खेड्यांतून मत देण्यास बहुतेक जिल्ह्यांत निदान ३२ रुपये आकाराची जमीन लागे. १९३५ च्या कायद्यानें ती अट ८ रुपयांवर आली. कृष्णेच्या पूर्वेकडील आपल्या माळरानास आकारच मुळीं आण्यांत मोजावा असा. तेव्हां तेथील बऱ्यापैकीं खातेदारही त्या पहिल्या याद्यांत क्वचित् बसला असेल. आटपाडी औंध संस्थानांत, जत स्वतंत्र संस्थान. तेथें तर हा प्रश्नच निराळा होता. (औंधच्या राजांनीं १९३९ सालीं प्रजेस राज्यघटना दिली, ही गोष्ट मात्र आपल्या मुलांस सांगण्याजोगी आहे.) पुढें १९५१-५२ च्या निवडणुकींत प्रौढ मतदान आलें, आणि ज्याच्या नांवावर सातबारा नाहीं अशा माणसाच्या दारीं आमदारास प्रथमच जावें लागलें. आपल्या मुलुखांतील आमदारांचीं खरीं चरित्रें येथून सुरू होतात, असें मी समजतों.

त्यांत पहिलें नांव मी कै. वि. स. पागे यांचें घेतों. कोणी आक्षेप घेईल कीं ते विधानसभेचे नव्हेत, परिषदेचे सभासद. खरें आहे. १९६० पासून १९७८ पर्यंत ते महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापति होते, व सभापतीनें बोलावयाचें नसतें, इतरांस बोलूं द्यावयाचें असतें. तरी ज्या गोष्टीनें या अवर्षणी पट्ट्याचें रूप पालटलें ती गोष्ट याच न बोलणाऱ्या सभापतींची. तासगांव तालुक्यांतील विसापूर येथें त्यांची शेती होती. शेतांत सुगी संपली कीं जो मजूर रिकामा बसतो, त्यानें काम मागतांच सरकारनें तें दिलेंच पाहिजे, आणि तें काम जमिनीस व पाण्यास उपयोगी पडेल असें असलें पाहिजे, ही कल्पना त्यांनीं मांडली व १९६५ च्या सुमारास विसापुराच्या आसपास तिचा प्रयोग झाला. पुढें १९७२ सालीं सरकारनें ती योजना राज्याकरितां पत्करली. पण त्याच वर्षीं मोठा दुष्काळ पडला व सर्व यंत्रणा दुष्काळी कामांकडे वळवावी लागली. १९७३ च्या उन्हाळ्यांत महाराष्ट्रांत सुमारें ५० लाख माणसें कामांवर होतीं. खडी फोडणारे ते हात, मिलोची लाल भाकरी आणि मुलांच्या हातांतील सुकडी ज्यांनीं पाहिली ते लोक अजून आपल्यांत आहेत.

दुष्काळ सरला तरी कल्पना सरली नाहीं, हें विशेष. पैसा कोठून आणावयाचा या प्रश्नास १९७५ सालीं उत्तर मिळालें: शहरांतील नोकरदार, व्यापारी, वकील, डॉक्टर यांच्यावर व्यवसाय कर बसला व त्याचें उत्पन्न या योजनेकडे लावलें गेलें, तितकीच भर सरकारनें घालावयाची. मलाही तो कर पगारांतून दरमहा कापून जात असे व तेव्हां मी कुरकुरत असें, हें लपवीत नाहीं. १९७७ सालीं दोन्ही सभागृहांनीं रोजगार हमीचा कायदा एकमतानें मंजूर केला. तो १९७८ चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक २० होय. २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलांत आला. पुढें २००५ सालीं केंद्र सरकारनें सर्व देशाकरितां असा कायदा केला, तेव्हां त्यापुढें महाराष्ट्राचा हाच नमुना होता. विसापुराच्या रानांत निघालेली कल्पना चाळीस वर्षांनीं दिल्लीस पोंचली. विधानभवनांतील प्रशिक्षण केंद्रास पागे यांचें नांव दिलेलें आहे; परंतु आपल्या पट्ट्यांतल्या किती शाळांतील मुलांस तें नांव ठाऊक आहे?

आतां आपण वाचक बहुतेक खातेदार आहांत, तेव्हां मनांतली गोष्ट उघड बोललेली बरी. रोजगार हमीविषयीं खातेदारांत प्रेम नव्हतें. ऐन खुरपणीस बाया मिळत नाहींत, मजुरी वाढली, सरकारनें मजूर आळशी करून ठेवला, असें मीं चावडीवर बसून शेंकडों वेळां ऐकलें आहे. माझ्या थोरल्या बंधूंच्या तोंडून तर घरांत रोज ऐकत असें. यांतील मजुरी वाढली हा भाग खोटा नव्हता. ज्यास दुसरीकडे काम मिळूं शकतें तो पडेल त्या दरानें राबत नाहीं, आणि कायद्याचा एक हेतु तोच होता. परंतु याच बंधूंच्या विहिरीवरच्या अंगास जो पाझर तलाव आहे तो कोणीं बांधला? त्यांच्या ओढ्यावरचें नालाबंडिंग कोणाच्या डोक्यावरच्या पाट्यांनीं झालें? १९९० सालापासून रोजगार हमीशीं जोडून फळबाग लागवडीची योजना आली व आमच्यांत डाळिंब आणि बोर रुजलें. खड्डे त्याच मजुरांनीं खणले व त्या खड्ड्यांचें अनुदान बंधूंनीं घेतलें. त्या अनुदानाची फाईल माझ्याच टेबलावरून गेली, म्हणून सांगतों. मजूर घेऊन गेला तो रोजचा रोज. खातेदारास मिळाली ती जमिनीखालची ओल. हिशेब करावयाचाच तर दोन्ही बाजू लिहाव्यात.

कायदा चांगला म्हणजे अंमल चांगला, असें नव्हे. खोटे हजेरीपट मीं पाहिले आहेत. मेलेलीं माणसें खडी फोडतांना पाहिलीं आहेत. गांवच्या पुढाऱ्याच्या घरांतील सून कधीं उंबरा न ओलांडतां मुरमाच्या रस्त्यावर सहा सहा आठवडे हजर असलेली पाहिली आहे. यांतील कांहीं गोष्टी आमदारांच्या माणसांनीं केल्या व आमदारांस त्या ठाऊक होत्या. चरित्रांत हेंही आलें पाहिजे, नाहींतर तो गौरवांकच.

आणि माझाही एक दोष येथें सांगावयास हवा, कारण त्याच्याशीं या लेखाचा संबंध आहे.

२००३ सालच्या दुष्काळांत मी एका तहसील कचेरींत रोजगार हमीच्या शाखेंत होतों. एका वाडीवरून एकवीस माणसें कामाचा अर्ज घेऊन आलीं. त्यांत बाया जास्त. कायद्याप्रमाणें अर्ज केल्यापासून पंधरा दिवसांत काम द्यावयाचें, न दिल्यास बेकारी भत्ता. म्हणजे सारी गोम अर्जाच्या तारखेंत. वरिष्ठांचा तोंडी हुकूम असा होता कीं, अर्ज ठेवून घ्या, पोंच देऊं नका. नवें काम काढण्यास पन्नास माणसें लागतात, तीं भरलीं म्हणजे पाहूं. जवळ एक चालू काम होतें व त्यावर या लोकांस पाठवितां आलें असतें, हें मला ठाऊक होतें. तरी मीं अर्ज घेतला, खणांत ठेवला, व "जा, कळवूं" म्हणून सांगितलें. तीं माणसें व्हरांड्यांत थोडा वेळ बसलीं आणि गेलीं.

आठ दिवसांनीं तींच माणसें परत आलीं. या वेळीं त्यांच्या बरोबर धोतर नेसलेला, हातांत छत्री घेतलेला एक म्हातारा होता. एस. टी. नेंच आला होता. मीं ओळखलें नाहीं. शेजारच्या शिपायानें उठून नमस्कार केला तेव्हां समजलें कीं हे पूर्वींचे आमदार. दोन निवडणुका पडून घरीं बसलेले. ते आतां हयात नाहींत, व त्यांचें नांव मी येथें घेत नाहीं, कारण त्यांच्या घरच्यांस मीं विचारलेलें नाहीं. ते माझ्यासमोरच्या बांकावर बसले. रागावले नाहींत. पोंच मागितली. मीं म्हटलें, "साहेबांस विचारावें लागेल." त्यांनीं विचारलें, "कायद्याचें पुस्तक आहे का कचेरींत?" कपाटें धुंडाळलीं, पुस्तक मिळालें नाहीं. तेव्हां त्यांनीं कोपरीच्या खिशांतून चार घड्या घातलेली एक जीर्ण प्रत काढली, एका ओळीवर बोट ठेवलें व म्हणाले, "भाऊसाहेब, हें कलम मंजूर झालें तेव्हां मी तिथं बसलो होतो. आम्ही हे पंधरा दिवस कशासाठी घातले, तुम्ही तारीखच लिहिली नाही तर?"

मीं शिक्का मारला. पण तारीख त्या दिवसाची घातली, आठ दिवसांपूर्वींची नव्हे. मागची तारीख घालणें हा गुन्हा, असें मीं मनाशीं म्हटलें. मुळांत न घालणें हा कोणता पुण्याचा प्रकार होता, हें मीं मनाशीं विचारलें नाहीं. चौथ्या दिवशीं त्या लोकांस चालू कामावर पाठविण्यांत आलें. ते आठ दिवस मात्र गेले ते गेलेच. एकवीस माणसांचे आठ दिवस म्हणजे एकशें अडुसष्ट रोज होतात. दुष्काळांत तितक्या रोजांचें काय मोल, तें घरांत दाणा असलेल्या माणसास सांगून कळावयाचें नाहीं.

एस. टी. स्थानकासमोरचा अर्धपुतळा याच गृहस्थांचा नव्हे. यांचा पुतळाच नाहीं. यांच्या गौरवांकाची एक प्रत मला मिळाली. तींत त्यांच्या सत्काराचीं सतरा छायाचित्रें आहेत आणि १९७७ सालच्या त्या कायद्याचा उल्लेखही नाहीं. संपादकास दोष कसा द्यावा? त्यास कोणीं सांगितलें नाहीं, व ज्यास ठाऊक होतें तो मी गप्प बसलों होतों.

सांगोल्याचे कै. गणपतराव देशमुख यांचें चरित्र लिहिणारे पुष्कळ निघतील, कारण त्यांची कीर्ति आंकड्यांत सांगतां येते. शेतकरी कामगार पक्षाच्या तिकिटावर १९६२ पासून २०१४ पर्यंत एकाच तालुक्यानें त्यांस अकरा वेळां निवडून दिलें. दोनदां थोड्या थोड्या काळाकरितां मंत्रिपद, बाकी बहुतेक सारें आयुष्य विरोधी बांकावर. एस. टी. नें प्रवास करणारा आमदार म्हणून ते सर्वांस ठाऊक होते, आणि लेखक मंडळी त्या एस. टी. पाशींच थांबतात. साधेपणा हा गुण खरा. पण साधेपणानें पाणी येत नाहीं. मला त्यांच्या चरित्रांत दोन गोष्टी अधिक महत्त्वाच्या वाटतात. पहिली, ते १९७२ व १९९५ सालीं पडले. १९७२ च्या पराभवानंतर दोन वर्षांत पोटनिवडणूक आली व लोकांनीं त्यांस परत पाठविलें. १९९५ नंतर पुरीं पांच वर्षें वाट पाहावी लागली नाहीं, १९९९ सालीं ते पुन्हां सभागृहांत होते. पडलेला आमदार ज्या तालुक्यांत पुन्हां निवडून येतो, तेथें तो मधल्या काळांत मुंबईस बसलेला नसतो, एवढें अनुमान काढण्यास हरकत नाहीं.

दुसरी गोष्ट पाण्याची. कृष्णेचें पाणी उपसून पूर्वेकडील माळावर आणावें ही मागणी एका तालुक्याची असती तर ती कधींच विरून गेली असती. सातारा, सांगली व सोलापूर जिल्ह्यांतील तेरा दुष्काळी तालुक्यांनीं ती एकत्र मांडली. १९९३ पासून आटपाडीस पाणी परिषदा भरूं लागल्या. त्यांत वाळव्याचे क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी व गणपतराव हे अग्रभागीं. नागनाथअण्णांचें गांव कृष्णाकांठचें, उसाचें. त्यांच्या मतदारांस माळाच्या पाण्याची गरज नव्हती. उलट नदींतलें पाणी वर गेलें तर खालीं कमी पडेल, अशी भीति कोणासही वाटावी. तरी ते दुसऱ्याच्या तहानेसाठीं उभे राहिले. पुढें टेंभू, म्हैसाळ यांसारख्या उपसा योजनांचें पाणी आलें. उशिरां आलें, तुटक तुटक आलें, आणि वीजबिलाच्या थकबाकीवरून पुष्कळदां बंदही पडलें. पाटाच्या शेवटच्या टोंकास असणारा खातेदार अजून त्यावरून शिव्या देतो. पण ज्या रानांत बाजरीही खात्रीनें येत नसे तेथें डाळिंब झालें. सोलापूरच्या डाळिंबास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. या गोष्टी कोणा एकट्याच्या नांवावर लावूं नयेत. परंतु कोणत्या अधिवेशनांत कोणीं प्रश्न विचारला, मंत्र्यानें काय उत्तर दिलें, तें उत्तर किती वर्षें खोटें ठरलें, हें सर्व छापील कामकाजांत आहे. तें कोणी तरी बसून उतरवून काढलें पाहिजे.

तासगांवचे कै. आर. आर. पाटील हे या मालिकेंतील निराळ्या पिढीचे. घरची गरिबी, कमवा व शिका योजनेंतून झालेलें शिक्षण. १९९० सालीं ते प्रथम विधानसभेवर निवडून आले व २०१५ च्या फेब्रुवारींत वारले तोंवर आमदार होते. ग्रामविकास मंत्री असतांना त्यांनीं संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान चालविलें, व २००७ सालीं, गृहमंत्री असतांना, तंटामुक्त गांव मोहीम काढली. दोन्हींचा कांहीं भाग देखाव्याचा झाला. बक्षिसापुरते झाडू हातीं घेणारीं गांवें मीं पाहिलीं आहेत. तरी बांधावरचे किती तरी तंटे त्या वर्षांत कचेरीपर्यंत आलेच नाहींत, हें मीं आवक नोंदवहीवरून सांगूं शकतों. २००८ सालीं मुंबईवरील हल्ल्यानंतर त्यांस गृहमंत्रिपद सोडावें लागलें, व तें त्यांच्या एका वाक्यामुळें गाजलें. पुढच्या वर्षीं तेंच पद त्यांस पुन्हां मिळालें. त्यांचें चरित्र लिहिणारानें ही गोष्ट टाळूं नये. विसापूर व त्यांचें अंजनी हीं दोन्हीं गांवें एकाच तालुक्यांतलीं, हें ध्यानांत घेतलें म्हणजे एवढ्याशा कोरड्या तालुक्यानें राज्यास काय दिलें याचा अंदाज येतो.

घराण्यांविषयीं दोन शब्द. सांगोल्यास २०२४ सालीं गणपतरावांचे नातू निवडून आले. तासगांवास आधीं आर. आर. यांच्या पत्नी व मग चिरंजीव. यांत गैर कांहीं नाहीं. मत लोकांनींच दिलें. परंतु वारसाची नोंद घालतांना आपण मूळ खातेदाराच्या नांवें काय काय होतें हें तपासून पाहतों. येथें कोणीच तें तपासून पाहत नाहीं. आणि आमदार निधि हातीं आल्यापासून तर बरेंच सोपें झालें आहे. सभामंडप, प्रवासी निवारा, रस्त्याकडेच्या फरशा, आणि प्रत्येकावर नांवाची पाटी. पाटीस रंग मिळतो. प्रश्न विचारण्यास अभ्यास लागतो.

डॉ. आंबेडकर मुंबई कौन्सिलाचे सभासद असतांना १९२७ सालीं लहान खातेदारांसंबंधींच्या विधेयकावर बोलले. तें भाषण राज्य सरकारनें छापलेल्या खंडांत आहे, व शंभर वर्षांनंतरही तुकडेबंदीवर वाद निघाला कीं तें काढून वाचतां येतें. आपल्या तालुक्यांतून गेलेले सगळेच आंबेडकर नव्हते, हें उघड आहे. कित्येक तर पांच वर्षांत पांच वाक्यें बोलले नसतील. तेंही लिहावें. "अमुक सालापासून अमुक सालापर्यंत सभासद, बोलल्याची नोंद आढळत नाहीं," एवढी ओळही खऱ्या चरित्राचा भाग आहे.

हें काम आपल्या संस्थेनें अंगावर घ्यावें अशी माझी सूचना आहे. कार्यालयांत एक वही घालावी, १९५२ पासून तालुक्यागणिक प्रत्येक आमदारास चार पानें. पहिल्या पानावर शेती किती, शिक्षण काय, पोटाचा धंदा कोणता. पुढें सभागृहांतील प्रश्न व भाषणें. यासाठीं एक-दोन होतकरू मुलांस मुंबईस पाठवून विधिमंडळाचें ग्रंथालय वापरण्याची परवानगी मिळवावी. तिसऱ्या पानावर गांवोगांवच्या म्हाताऱ्यांची साक्ष, ती देणाराच्याच शब्दांत, स्तुति असो वा शिवी. चौथें पान कोरें ठेवावें. कोणी तरी कांहीं तरी घेऊन येतोच. घाई करण्याचें कारण एवढेंच कीं, १९७२ चा दुष्काळ तरुणपणीं पाहिलेलीं माणसें आतां दरवर्षीं कमी होत आहेत.

माझ्या पुरती सुरुवात मीं केली आहे. गेल्या महिन्यांत त्या वाडीवर गेलों. एकवीस नांवांची यादी मला तोंडपाठ आहे. त्यांतील नऊ जण हयात आढळले. एका म्हातारीनें मला ओळखलें, चहा दिला, आणि मीं विचारतांच सांगूं लागली. पहिल्या दिवशीं आम्ही कचेरींतून निघालो तेव्हां सोमवार होता, बाजार होता, म्हणून जाण्यास जीप मिळाली. दुसऱ्या वेळीं आमदारानं सगळ्यांचं एस. टी. चं तिकीट काढलं, आणि परत जातांना स्थानकावर सगळ्यांस भजीं घेऊन दिलीं. त्याच्यापाशीं पैसे कमी पडले, ते कंडक्टरनं घातले. मीं हें सर्व लिहून घेतलें व खालीं तिचा अंगठा घेतला. या खेपेस तारीख त्याच दिवसाची, तिच्या समक्ष घातली.